कट्टा रिकामा पाहिजे

अजूनही कुठे मुलं खेळताना दिसली की माझी नजर आधी मैदानावर जात नाही, कट्ट्यावर जाते. इथे नाशिकला आमच्या इमारतीखाली रोज संध्याकाळी क्रिकेट चालतं. परवा भाजी घेऊन येत होते. दहा-बारा पोरं खेळत होती आणि एक चष्मेवाली मुलगी बाकावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळत होती. मी पिशवी खाली ठेवली, तिच्याकडे पाहिलं आणि माझी उजवी मूठ आपोआप पुढून मागे ओढली गेली. मुलगी घाबरली. तिला काय ठाऊक, की ही सवय मला भोईर बाईंनी लावली आहे!

भोईर बाई आमच्या भिवंडीच्या शाळेत खेळ शिकवायच्या, मी मराठी. शाळा धामणकर नाक्यावरून आत गेलेल्या एका गल्लीत, तिन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. मी सांगलीकडची. पहिले दोन महिने त्या खडखडाटाने माझं डोकं उठलं होतं. मग एकदा सहावीला कविता शिकवत असताना लाइट गेली आणि सगळे लूम एकदम थांबले. वर्गातल्या साऱ्या मुलींच्या माना खिडकीकडे वळल्या, पेनं हवेत तशीच.

"काय झालं ग?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही बाई, लाइट गेली. आता अब्बा बाहेर येतील."

भिवंडीत आवाजाने कोणी दचकत नाही, शांततेने दचकतात, हे मला तेव्हा कळलं. पुढे एकदा या दचकण्याने आमच्यावर फार मोठे उपकार केले, पण त्याची गोष्ट नंतर.

बाई मूळच्या भिवंडीजवळच्या दापोड्याच्या. माहेरची भातशेती होती, तिथे आता गोदामं आहेत. "जिथं मी कबड्डी शिकले त्या खाचरात आता ट्रक उभं ऱ्हातात," असं त्या सांगायच्या, पण रडगाणं म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं. सासर टेमघरचं, घराची भिंत लूमच्या कारखान्याला लागून. त्यामुळे डावा कान जवळजवळ गेलेला आणि आवाज असा, की स्टाफरूममध्ये त्यांनी कानात सांगितलेलं गुपित नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनाही कळावं. उंच, काळ्यासावळ्या, पदर खोचलेला, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. मी नाकाला पदर लावायचे, तर दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळ्या डब्यात वांग्याचं भरीत यायला लागलं. नाक मात्र सुकटीच्या वासातून सुटलं नाही ते नाहीच.

खेळाच्या तासाला बाई मैदानाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. तोंड कट्ट्याकडे. हा कट्टा म्हणजे शाळेच्या भिंतीला लागून असलेली सिमेंटची लांबलचक बैठक. प्रत्येक शाळेत अशी एक जागा असते, जिथे जाडी, बुटकी, चष्मेवाली, लंगडणारी आणि 'हिला घेतलं की हरतो' म्हणून कोणालाच नको असलेली मुलं बसतात. मी माझ्या शाळेतली सगळी वर्षं अशाच कट्ट्यावर काढली. पोटात दुखतंय ही सबब मला इतकी पाठ होती, की पुढे पुढे खेळाचा तास आला की खरंच दुखायचं.

शाळेत रुजू झाल्यावर मी तिथेही सवयीने जाऊन बसले, वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. बाईंनी लांबून माझ्याकडे पाहिलं आणि मूठ पुढून मागे ओढली. मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला सांगताहेत का. पुन्हा मूठ.

"काय हो?" मी ओरडले.

"लूम बंद का ठेवलाय?"

मग उलगडा झाला. कारखान्यात त्या आवाजात बोलणं शक्यच नसतं. माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. लूमचं हँडल ओढल्यासारखी मूठ ओढली, की 'चालू कर'. बाई ही भाषा सासरच्या भिंतीपलीकडच्या कारागिरांकडून शिकल्या होत्या आणि मैदानावर तीच वापरायच्या.

"मला नाही येत खेळता," मी सांगितलं.

"बाराखडी येत न्हाय म्हनून तुमी पोराला वर्गाबाहेर बसवता का?"

"नाही. पण..."

"मंग ज्याला धावता येत न्हाय तो माझ्या तासाला बाहेर का बसंल? तुमी अक्षरांची बाराखडी शिकवा, मी अंगाची शिकवते. उठा."

मी वह्यांचा गठ्ठा कट्ट्यावर ठेवला. मी उठले.

अंगाची बाराखडी ही काही नुसती बोलण्यातली गंमत नव्हती. हजेरी एका पायावर व्हायची. पन्नास नावं संपेपर्यंत मुली एका पायावर, आपलं नाव आलं की पाय बदलायचा. काही पालक तक्रार घेऊन आले, की बाई रोज शिक्षा करतात. बाईंनी त्यांनाही एका पायावर उभं केलं आणि बोलणी तशीच पार पाडली. वर्षभर कोणताही खेळ नाही. आधी पडायचं कसं, थांबायचं कसं, वळायचं कसं, चेंडू अंगावर आला तर डोळे मिटायचे नाहीत ते कसं. त्यातही पहिला धडा पडण्याचा. "पडायला भिनारा मानूस धावतच न्हाय," असं त्यांचं म्हणणं. गाद्या घ्यायला शाळेकडे पैसे नव्हते, म्हणून बाईंनी कारखान्यांतून टाकाऊ सूत आणि चिंध्या आणून पोत्यांत भरल्या. मुली त्या पोत्यांवर गोल होऊन पडायच्या, खांद्यावरून लोळून उठायच्या आणि पुन्हा रांगेत लागायच्या.

"शाळेत मुलांना पडायला शिकवतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," हेडसर म्हणायचे. त्यांच्या खोलीची खिडकी मैदानावर उघडायची, त्यामुळे वर्षभर त्यांना दुसरं बघायलाही काही नव्हतं. मग एकदा फाटकाशी सांडलेल्या तेलावरून सर घसरले. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा सर हनुवटी छातीला लावून, पाठीची गोलाई करून, खांद्यावरून व्यवस्थित लोळून उठून बसले होते. चष्मासुद्धा शाबूत. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून बाईंचा आवाज आला, "सर, हात लई पसरला! बाकी झ्याक!" त्यानंतर पडण्याच्या धड्याबद्दल शाळेत कोणी चकार शब्द काढला नाही.

बाईंचा दुसरा कायदा संघ निवडण्याचा. एरवी कप्तान आधी वाघ निवडतात आणि शेवटी उरलेली शेळी नाइलाजाने घेतात. बाईंच्या मैदानावर उलटं. 'जी कोनाला नको, ती पयली.' कप्तानाने पहिलं नाव नेहमी शेवटी उरणाऱ्या मुलीचं घ्यायचं, आणि सामन्यात प्रत्येकीने निदान एक चढाई करायचीच. सुरुवातीला मुली कुरकुरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की जिला पहिली घेतली ती आपल्याच संघात आहे, तेव्हा तिला शिकवण्यातच शहाणपण आहे. मधल्या सुट्टीत मुली एकमेकींना शिकवायला लागल्या. बाई लांबून बघत शेंगदाणे खायच्या.

एवढं सगळं असूनही बाईंच्या नजरेतून एक मुलगी निसटली होती. सुमैया. सातवीतली, कोकणी मुसलमान घरातली, जन्मापासून ऐकू न येणारी. ओठ वाचून वर्गात कसंबसं निभवायची, तोंडातून शब्द काढायची नाही. मैदानावर ती कायम कुठल्या ना कुठल्या कामात असायची. कोणाच्या ओढण्या धर, कोणाला पाणी दे, रेषा आख. इतकी लगबग, की बाईंना वाटायचं पोरगी खेळतेय. एकदा मुलींनी तिला खो-खोत घेतलं. बाईंनी शिट्टी वाजवली, सगळ्या थांबल्या, सुमैया धावतच राहिली. बाई ओरडल्या, "अगो, शिट्टी ऐकू येत न्हाय का?"

 कोणीतरी हळूच म्हणालं, "बाई, तिला खरंच नाही येत."

त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. मी भरताची आठवण केली तर म्हणाल्या, "अख्खं वरीस, देसाई बाई. अख्खं वरीस मी एका बहिऱ्या पोरीला शिट्टी वाजवली. आनि मी सोता कोन? अर्धी बहिरी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या मनगटाला लाल कापडाची चिंधी होती. शिट्टी वाजली की लाल हात वर. लाल हात वर म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. आठ दिवसांत मुलींना शिट्टीची गरज उरली नाही.

सुमैया वाऱ्यासारखी धावायची. हे कोणाला माहीतच नव्हतं, कारण तिला कोणी धावूच दिलं नव्हतं. पण कबड्डीत नुसतं धावून भागत नाही. चढाईला गेलेल्या मुलीने दम धरून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहावं लागतं, आणि सुमैया तोंड उघडायला लाजायची. बाईंनी तिचा एक तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला, दुसरा तिच्या. बाई म्हणायच्या, गळा थरथरायचा. कारखान्याच्या भिंतीला हात लावल्यावर लूमची धडधड कळते, तशी ती थरथर सुमैयाला कळली. महिनाभराने तिच्या गळ्यातून 'बडी बडी बडी' असं काहीतरी यायला लागलं. जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज. पण सलग, न तुटणारा.

त्या वर्षी बाईंनी आमच्या मैदानावर वस्त्यांतल्या मुलींचे सामने ठरवले. सुमैयाला खेळवायचं तर वडिलांची परवानगी हवी. युसूफभाई शाळेच्या मागच्याच कारखान्यात कारागीर. बाई मला बरोबर घेऊन गेल्या. त्या खडखडाटात मी कानांत बोटं घालून उभी, आणि बाई आणि युसूफभाई समोरासमोर हातवारे करताहेत. बोटं, भुवया, ओठ, मध्येच एक जोरात नकार, पुन्हा बाईंचे हात. पाच मिनिटांनी आम्ही बाहेर आलो.

"काय म्हणाले?"

"म्हनले, पोरगी बोलत न्हाय तोवर झाकली मूठ हाय. चारचौघांत तोंड उघडलं नि लोक हसले, तर तिला घरी कोन समजावनार? मी म्हनले, एक सामना. तर म्हनले, एक सामना. लोक हसले तर पोरगी परत मैदानात न्हाय. मी कबूल केलं."

"एवढं सगळं हातांनी?"

"तुमचं व्याकरन होईपर्यंत आमच्यात लगीन ठरतं."

विनोद केला खरा, पण शाळेच्या फाटकापर्यंत येताना बाईंनी दोनदा मागे वळून त्या कारखान्याच्या खिडकीकडे पाहिलं.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती गल्लीतली सगळी माणसं. भिंतीवर पोरं, कट्ट्यासमोर आया, साड्या आणि बुरखे खांद्याला खांदा लावून. पंच म्हणून टेमघरचा एक तरुण आला होता, कडक पण सरळ. बाईंनी त्याला लाल चिंधीचं आणि सुमैयाच्या आवाजाचं समजावलं. तो म्हणाला, "शब्दाचं जाऊ द्या बाई, आवाज सलग असला तरी चालेल. पण मला ऐकू आला पाहिजे. नाहीतर समोरच्या पोरींवर अन्याय होईल." बाईंना हे पटलं.

घोटाळा इथेच झाला. सकाळी सराव करताना अर्धे कारखाने बंद असायचे. सामना दुपारी, भर शिफ्टमध्ये, आणि शंभर लूम धडधडत होते. बाकीच्या मुली किंचाळून दम धरत होत्या. सुमैयाचा खालच्या पट्टीतला आवाज त्या खडखडाटात कुठल्या कुठे विरून गेला. पहिल्या चढाईला पंचाने तिला परत पाठवलं, ऐकू येत नाही म्हणून. गुण समोरच्यांना. दुसऱ्या चढाईला पुन्हा तेच. भिंतीवरून कोणीतरी 'बडी बडी' अशी नक्कल केली आणि दोन-चार जण हसले. मी बाईंकडे पाहिलं. त्या हसणाऱ्यांकडे बघत नव्हत्या, मागच्या कारखान्याच्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकी रिकामी होती. युसूफभाई ड्युटीवर होते.

शेवटची चढाई उरली आणि आमच्या मुली दोन गुणांनी मागे. आमची कप्तान प्रियांका, संघातली सगळ्यात तरबेज मुलगी. तिने स्वतः जावं असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही. खोटं कशाला बोलू?

"तू जा ग प्रियांका!" आयांमधून कोणीतरी ओरडलं.

"मी हिला पहिली घेतलीय," प्रियांका म्हणाली आणि सुमैयाकडे बघून तिने मूठ पुढून मागे ओढली.

बाईंनी तिला हे सांगितलं नव्हतं. बाई माझा दंड इतका घट्ट धरून उभ्या होत्या, की तो दोन दिवस काळानिळा राहिला.

सुमैया मध्यरेषा ओलांडून आत गेली. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. पंच कान देऊन पुढे वाकला होता. समोरच्या सात जणी पसरल्या, कोपऱ्यातल्या दोघी तिच्या मागे सरकायला लागल्या. पंचाचा हात वर जायला लागला. आणि लाइट गेली.

शंभर लूम एका क्षणात गप्प. समोरच्या सातही पोरी लूमवाल्यांच्या घरच्या. सातही माना कारखान्याकडे वळल्या. आमच्या मुलींच्या वळल्या, आयांच्या वळल्या, भिंतीवरच्या पोरांच्या वळल्या, एवढ्या वर्षांनी माझीही वळली. सगळ्या मैदानात एकच मान वळली नाही, कारण तिच्यासाठी काही थांबलंच नव्हतं.

आणि त्या शांततेत तो आवाज आला. "बडी बडी बडी बडी." जाडसर, खालचा, कणखर, एका लयीत चाललेला. लोक हसतील या भीतीने बारा वर्षं घरात झाकून ठेवलेला आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला. कोणी हसलं नाही.

पोरी भानावर येईपर्यंत सुमैयाने एकीच्या खांद्याला हात लावला, वळली, दुसरीच्या मनगटाला. तिसरीने झेप घेऊन तिचा घोटा पकडला. सुमैया कोसळली. पण कोसळली ती बाईंच्या पोत्यांवर शिकली होती तशी, हनुवटी छातीला, खांद्यावरून गोल, आणि त्या लोळण्यातच हात लांब करून तिने मध्यरेषेला बोटं लावली. तोंडातून आवाज चालूच होता. दम तुटला नव्हता.

पंचाने तीन बोटं वर केली, तीन गुण. मग बाईंकडे वळून म्हणाला, "ऐकलं बाई. सगळ्यांनी ऐकलं."

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी रडत होते आणि ओरडतही होते. मैदानात नुसता कल्ला. आया आत शिरल्या, मुलींनी सुमैयाला उचललं, मघाशी नक्कल करणारं पोरगं भिंतीवर उभं राहून शिट्ट्या मारत होतं. बाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्या खिडकीकडे बघत होत्या.

लाइट गेली की कारागीर वाऱ्याला खिडकीशी येतात. युसूफभाई गज धरून उभे होते. कधीपासून, कोण जाणे. पण आवाज त्यांनी ऐकला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मुलींच्या खांद्यावरून सुमैयाने त्यांना पाहिलं आणि ती एकदम गंभीर झाली. सामना एकच ठरला होता. तो संपला होता.

युसूफभाईंनी गजातून हात बाहेर काढला, मूठ वळली आणि पुढून मागे ओढली. एकदा. मग पुन्हा एकदा, जोरात.

लाइट आली, लूम सुरू झाले आणि ते आत गेले. बाईंनी माझा दंड सोडला आणि म्हणाल्या, "चला, भूक लागली." त्या दिवशी मी त्यांच्या डब्यातली भाकरी सुकटीच्या वासासकट खाल्ली. सुकट मात्र नाही. तेवढं जमलं नाही.

नंतर दर रविवारी सकाळी ते मैदान साऱ्या गल्लीचं झालं. मुली, त्यांच्या आया, मावश्या, काठी टेकत येणाऱ्या दोन आज्या. मी पंचेचाळिसाव्या वर्षी लगोरी फोडायला शिकले. बाई निवृत्त झाल्या तरी रविवार चुकला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं तेही रविवारीच. मी त्या दिवशी दुपारी भिवंडी सोडून मुलाकडे नाशिकला निघणार होते, म्हणून निरोप घ्यायला गेले. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या कट्ट्यावर बसल्या होत्या, शेजारी वॉकर. भोईर बाई आणि कट्ट्यावर!  मी त्यांच्या शेजारी टेकले. मैदानात सुमैया छोट्या पोरींना पडायला शिकवत होती. उंच झाली होती, मनगटाला लाल चिंधी.

"पोरगी माझ्यापेक्षा बरी शिकवते," बाई म्हणाल्या. "हात लई पसरू देत न्हाय."

तेवढ्यात सुमैयाने वळून पाहिलं. पोरींकडे पाठ करून, तोंड कट्ट्याकडे करून ती उभी राहिली आणि बाईंकडे बघून तिने मूठ पुढून मागे ओढली.

"अगो, गुडघा हाय माझा!" बाई ओरडल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून दाखवला.

सुमैयाने ओठ वाचले, मान हलवली आणि पुन्हा मूठ ओढली. मग ती चालत आली, मनगटावरची चिंधी सोडून तिने बाईंच्या मनगटाला बांधली आणि बोटाने मध्यरेषा दाखवली. पंच व्हा.

"बघितलं का देसाई बाई? माझाच कायदा माझ्याच बोडक्यावर!" बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार होती आणि चेहऱ्यावर दिवाळी. एक हात सुमैयाच्या खांद्यावर टाकून त्या उठल्या, आणि एकेक पाऊल टाकत मध्यरेषेवर जाऊन ताठ उभ्या राहिल्या. वॉकर कट्ट्याशीच राहिला. लहान पोरींनी टाळ्या पिटल्या.

मला वाटलं, झालं. मी पर्स सावरली. पाहते तर सुमैया माझ्यासमोर. मूठ तयार.

माझी साडी इस्त्रीची होती, गाडीला दोन तास होते, पोटात दुखायलाही लागलं होतं. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि रांगेत लागले. माझ्या मागे कट्ट्यावर कोणी नव्हतं. मध्यरेषेवर लाल चिंधीवाली मूठ पुढून मागे ओढली गेली आणि धामणकर नाक्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज आला, "पडा बिनधास्त, देसाई बाई! शिकवलंय तुमाला!"